तीस इंचांचे पाऊल

कोकणातल्या जुन्या वाटा एका माणसापुरत्या असतात. शेताच्या मेरेवरून, दोन गडग्यांमधल्या पाणंदीतून, व्हाळावर टाकलेल्या साकवावरून आणि चिऱ्यांच्या घाटीवरून माणसे एकामागून एक चालतात आणि मागच्याचे बोलणे पुढच्याच्या पाठीशी होते. उतारावर गुडघे किंचित वाकवून, पायाच्या बोटांनी दगड धरून आखूड पावले टाकायची आणि पावसात टाचेच्या आधी चवडा टेकायचा, हे इथे कुणाला शिकवावे लागत नाही. अशा वाटांवर वाढलेली मुले सतराव्या-अठराव्या वर्षी हवाई दलात भरती झाली, तेव्हा त्यांना एका सपाट, अफाट मैदानावर तिघातिघांच्या रांगांत उभे करून सांगण्यात आले की पाऊल ३० इंचांचे पडले पाहिजे, मिनिटाला १२० पावले झाली पाहिजेत, टाच आधी टेकली पाहिजे आणि हात खांद्याच्या उंचीपर्यंत गेला पाहिजे. घरून निघताना आम्हांला वाटले होते की आपल्याला विमानांविषयी शिकायचे आहे. प्रत्यक्षात चालण्यापासून सुरुवात करावी लागली.

आमच्या भागातले निवृत्त एअरमन दर वर्षी ८ ऑक्टोबरला मालवणात जमतात. १९३२ साली याच तारखेला हवाई दलाची स्थापना झाली. जमणाऱ्यांत कुणी लढाऊ विमानांची इंजिने उतरवून पुन्हा चढवलेली असतात, कुणी रडारच्या पडद्यासमोर रात्री जागवलेल्या असतात, तर कुणी वाळवंटातल्या किंवा बर्फाळ तळांवर हिवाळे काढलेले असतात. तरीही बोलणे तासाभरात परेड मैदानावर येऊन थांबते. नेमणुकीची गावे आणि वर्षे आता एकमेकांत मिसळू लागली आहेत, पण पहिल्या आठवड्यात कुणाचा पाय चुकत होता, हे प्रत्येकाला नावानिशी आठवते. आमच्यापैकी काही जण बेळगावजवळच्या सांबऱ्याला शिकले, काही तांबरमला आणि काही बंगळुरूच्या जलाहळ्ळीला. मैदाने वेगळी असली तरी ‘तेज चल’ सगळीकडे सारखेच होते.

या आठवणी सांगताना एक गोष्ट नेहमी घडते आणि तिच्याविषयी मला बऱ्याच दिवसांपासून लिहायचे होते. कवायत आणि शिक्षा यांची आमच्या बोलण्यात सरमिसळ होते. ‘शिस्त’ म्हटले की रगड्याच्या गोष्टी निघतात: भर उन्हात पाठीवर पूर्ण सामान बांधून घातलेल्या फेऱ्या, बिछान्याची घडी बोटभर वाकडी म्हणून अंगणात फेकून दिलेले कपडे, एकाच्या चुकीसाठी अख्ख्या तुकडीने काढलेल्या बैठका. सगळे मनापासून हसतात. हे हसणे खोटे नाही, कारण जे निभावले त्याचा अभिमान वाटणारच. मात्र आम्हांला ज्याने घडवले ते काय होते, हे विचारायचे झाले तर माझे उत्तर वेगळे आहे. मला घडवले ते कवायतीने, आणि रगडा हा तिचा भाग नव्हता, असे मी आता ठामपणे मानतो.

पहिल्या आठवड्याचे दृश्य डोळ्यांसमोर आणले की हे समजणे सोपे जाते. माणूस चालण्याकडे लक्ष देऊ लागला की त्याचे चालणेच मोडते. आचऱ्याकडचा एक मुलगा, ज्याला आज आम्ही सगळे भाई म्हणतो, डोंगर चढण्यात आम्हां सर्वांना मागे टाकणारा होता. मैदानावर मात्र त्याचा उजवा हात उजव्या पायाबरोबर आणि डावा हात डाव्या पायाबरोबर पुढे जाऊ लागला. त्याला थांबवले की तो ओशाळायचा आणि पुन्हा चालवले की दहाव्या पावलाला तेच व्हायचे. त्याच्यावर ओरडणारे पुष्कळ होते. त्याला चालायला शिकवले ते एका सार्जंटने. विश्रांतीच्या वेळेत त्यांनी पेस स्टिक, म्हणजे कंपासासारखी उघडणारी ती लाकडी काठी, ३० इंचांवर पक्की केली, मैदानाच्या कडेला खडूने खुणा केल्या आणि भाईला त्या खुणांवरून आधी खाली बघत, मग समोर बघत, मग डोळे मिटून चालवले. स्वतः ते त्याच्या मागोमाग चालत राहिले, तोंडाने काहीही न बोलता, फक्त बुटांचा आवाज करत. भाई सांगतो की तिसऱ्या दिवशी त्याला आपले पाय जाणवेनासे झाले आणि मागून येणारा आवाज तेवढा ऐकू येऊ लागला. हात आपोआप जागेवर आले होते.

देवबागच्या बाळाला मात्र ही अडचण कधी आली नाही. त्याचे घर रापणीचे. समुद्रात सोडलेले मोठे जाळे किनाऱ्यावरून दोन्ही बाजूंच्या दोरांनी ओढताना वीस-तीस माणसांना वाळूत मागे मागे एकत्र पाऊल टाकावे लागते, आणि एकाचा पाय जरी उशिरा पडला तरी त्याच्या वाटचा ताण शेजाऱ्याच्या हातात जातो. बाळा लहानपणापासून त्या दोराला लागलेला होता. त्यामुळे शेजारच्याकडे न बघता त्याचे पाऊल ओळखण्याची सवय त्याच्या अंगात होती. आम्हांला जे ‘तेज चल’ने शिकवले, ते त्याला समुद्राने आधीच शिकवून ठेवले होते.

‘दाहिने सज’ म्हटल्यावर मान उजवीकडे वळते आणि माणसे लहान लहान पावले टाकत रांग जुळवतात. चालू लागल्यावर ती सोय राहत नाही, नजर समोर ठेवावी लागते आणि रांग सांभाळावी लागते ती डोळ्याच्या कोपऱ्यातून आणि कानांनी. सरळ चालताना हे जमते. खरी परीक्षा होते ती ‘बाएँ घूम’ला. रांग वळते तेव्हा आतल्या बाजूचा माणूस जवळजवळ जागच्या जागी पावले टाकतो, बाहेरच्या बाजूच्याला लांब टांगा टाकाव्या लागतात आणि मधल्यांना आपापल्या जागेप्रमाणे त्यामधली लांबी शोधावी लागते. ठेका सगळ्यांचा एकच, पण ३० इंचांचा नियम त्या वळणापुरता कुणालाच लागू होत नाही. प्रत्येकाने सारखेच पाऊल टाकायचा हट्ट धरला तर रांग मोडते. लांबून परेड पाहणाऱ्याला वाटते की ही सगळी माणसे एकाच साच्यातून काढली आहेत, पण रांगेत चालणाऱ्याला माहीत असते की वळणावर शेजाऱ्याहून वेगळे पाऊल टाकल्यानेच ती सरळ राहिली आहे. उंच मुलाने बुटक्याला सांभाळून घ्यायचे आणि बुटक्याने पाय जास्त ताणायचा, हे कुणी भाषण देऊन सांगितले नाही. वळणांनी ते आमच्याकडून करून घेतले.

हुकमाच्या रचनेतही असेच काही शिकण्यासारखे होते. ‘परेड’ हा शब्द लांबवून उच्चारला जातो, मग क्षणभर शांतता असते आणि त्यानंतर तुटक ‘सावधान’ येते. त्या क्षणात शरीर तयार असले पाहिजे आणि तरीही हलता कामा नये. पुढे काय येणार हे ठाऊक असताना थांबणे अवघड असते, आणि नव्या माणसाची चूक बहुतेक वेळा उशीर झाल्याची नसून घाई केल्याची असते. पुढे धावपट्टीलगतच्या टार्मॅकवर काम करताना याची किंमत कळली. इंजिन चालू असताना माणसांच्या बोलण्याचा उपयोग नसतो, सगळा व्यवहार हातांच्या खुणांवर चालतो. समोर उभा असलेला माणूस खूण करीत नाही तोवर चाकापुढचे चॉक, म्हणजे विमान अडवून धरणारे ठोकळे, काढायचे नसतात, मग वैमानिकाला कितीही घाई असो आणि काढणाऱ्याला पुढची खूण कितीही पाठ असो.

भाईचे बहुतेक आयुष्य मिग-२१ विमानांच्या सांगाड्यांवर काम करण्यात गेले. १९६३ साली आपल्या हवाई दलात आलेले हे विमान २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला निवृत्त झाले आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी आमचे जमणे होते, त्यामुळे त्या दिवशी दुसरा विषय नव्हताच. मिग-२१च्या इंजिनाला हवा मिळते ती थेट नाकातून. तो गोल जबडा जमिनीवरची हवा ओढू लागला की हवेबरोबर जे काही पडलेले असेल ते आत जाते, आणि एखादा खडा किंवा सैल पडलेला स्क्रू वेगाने फिरणाऱ्या पात्यांची नासाडी करायला पुरेसा असतो. म्हणून उड्डाणांआधी माणसे खांद्याला खांदा लावून एका ओळीत उभी राहतात आणि टार्मॅकवरून हळूहळू चालत जातात. प्रत्येकाने आपल्या पायांसमोरचा पट्टा बघायचा, खडा, तार, खिळा, कापडाची चिंधी, जे दिसेल ते उचलायचे. एकजण पुढे गेला किंवा मागे राहिला की दोन माणसांमधला वीतभर पट्टा कुणीच न बघितलेला राहतो. भाई म्हणाला, “परेड मैदानार ह्या कशाक शिकवतत ता तेव्हा कळूक नाय. थंय कळला.” सुदैवाने भाईने सांगितलेली गोष्ट ऐकणाऱ्या सर्वांनीच ती ओळ चाललेली होती, त्यामुळे त्याला आणखी काही बोलावे लागले नाही.

बेळगावचा उल्लेख वर आला आहे. कोकणच्या माणसाचा आणि त्या गावाचा संबंध हवाई दलापुरता नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र तिथे आहे आणि महार रेजिमेंटची पहिली पलटण १ ऑक्टोबर १९४१ रोजी तिथेच उभी राहिली. आमच्याकडे उत्तरेला दापोलीला म्हातारी माणसे अजून ‘कॅम्प’ म्हणतात, कारण इंग्रजी लष्कराची छावणी आणि पेन्शनीत निघालेले शिपाई तिथे राहत. मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे सुभेदार रामजी सकपाळ, म्हणजे बाबासाहेब आंबेडकरांचे वडील, निवृत्तीनंतर काही काळ तिथेच राहिले होते. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे यांनी १९४४ साली इटलीत प्राण दिले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कोकणात घराघरांत मुंबईची मनीऑर्डर येत असे तशीच पलटणीचीही येत असे, आणि पेन्शनीत आलेल्या आजोबांचे ताठ चालणे गावातल्या पोरांना दुरूनही ओळखू येई. आम्ही पिढ्यांच्या त्या चालीत पाय टाकला होता, मात्र ते समजण्याचे आमचे वय नव्हते.

आता रगड्याविषयी. आमच्यात सर्वांत ज्येष्ठ आहेत ते अण्णा. त्यांनी ऐंशी ओलांडली आहे आणि १९६०च्या दशकात त्यांच्या हातात ४ किलोंच्या आसपास वजनाची .३०३ रायफल दिली गेली तेव्हा ते स्वतः जेमतेम ५० किलोंचे होते. त्यांचे मत पक्के आहे: “रगडो नसतो तर आमी सुदारलो नसतो.” अण्णांचा शब्द मोडणे मला जड जाते, कारण अंगावर आलेल्या कष्टांचा अर्थ लावण्याचा त्यांचा अधिकार मी मानतो. परंतु मी रगड्याने सुधारलेली माणसे पाहिली तशीच मोडलेलीही पाहिली. केंद्राचे नाव घेण्याची गरज नाही, पण आमच्या तुकडीत सावंतवाडीकडचा एक मुलगा होता. त्याला हिंदी नीट बोलता येत नसे आणि एक शिकवणारा त्याच्या प्रत्येक वाक्याची सर्वांसमोर नक्कल करी. मुलाने बोलणे बंद केले. नंतर हुकूम ऐकून घेतानाही तो दचकू लागला आणि महिन्याभरात घरी परतला. चालण्यात तो आमच्यात सर्वांत सरस होता. त्याच्या जाण्याने कुणाची शिस्त वाढली, हे मला आजपर्यंत कुणी सांगू शकलेले नाही.

याउलट कवायतीत एक हालचाल अशी आहे जिच्याकडे आम्ही आठवणी सांगताना फारसे लक्ष देत नाही, आणि माझ्या मते सगळ्या कवायतीचा गाभा तिच्यात आहे. ती म्हणजे ‘कदम बदल’. चालता चालता पाय चुकला, सगळ्यांचा डावा पडत असताना आपला उजवा पडू लागला, तर काय करायचे हे कवायतीने ठरवून दिलेले आहे. थांबायचे नाही, खाली बघायचे नाही. मागचा पाय पुढच्या पायाच्या टाचेशी आणून टेकवायचा, पुढचा पाय लगेच पुन्हा पुढे टाकायचा आणि ठेक्यात मिसळायचे. ज्याला सराव आहे त्याची ही दुरुस्ती मागच्या माणसालाही जेमतेम कळते. म्हणजे पाय चुकणार हे कवायतीने गृहीत धरले आहे आणि चुकलेल्याला रांगेबाहेर न काढता रांगेतच परत येण्याची वाट दिली आहे. ती वाट रोज गिरवून घेतली जात होती, जशी सलामी गिरवून घेतली जात होती.

हँगरमध्ये याचे मोल किती, हे मी स्वतः पाहिलेले आहे. तिथे अवजारांच्या फळीवर प्रत्येक अवजाराची आकृती रंगवलेली असते. काम संपले की अवजारे आपापल्या आकृतीवर परत जातात, मोजदाद होते आणि एक जरी आकृती रिकामी राहिली तर विमान उडत नाही. एका संध्याकाळी एक छोटा पाना कमी भरला. सकाळच्या पहिल्या उड्डाणाला तेच विमान जायचे होते. सर्वजण शोधू लागले. तेवढ्यात एक नवा कॉर्पोरल स्वतः पुढे आला आणि म्हणाला की पाना शेवटचा त्याच्या हातात होता, डाव्या पंखाखालच्या झाकणापाशी तो वाकला होता आणि नंतर तो ठेवल्याचे त्याला आठवत नाही. झाकण उघडले तेव्हा पाना आतच होता. जिथे चूक कबूल करण्याचा परिणाम फक्त रगडा असतो, तिथे माणूस गप्प बसायला शिकतो. तो गप्प बसला असता तर त्या पान्याचे पुढे काय झाले असते आणि त्या विमानात बसणाऱ्याचे काय झाले असते, या विचाराने आजही माझ्या अंगावर काटा येतो. आमच्या वॉरंट ऑफिसरांनी त्या रात्री त्याला शब्दानेही दुखावले नाही. त्यांनी दुसऱ्या दिवशी सगळ्यांकडून मोजदादीची पद्धत पहिल्यापासून करवून घेतली, स्वतःसकट.

हे सगळे मी अण्णांना सांगितले आहे. ते म्हणतात की कॉर्पोरलने पुढे येण्याचे धाडस दाखवले ते रगड्याने कणखर झाल्यामुळेच. मी म्हणतो की त्याला पुढे येता आले कारण चुकलेला पाय दुरुस्त करायचा असतो, लपवायचा नसतो, हे त्याच्या शरीराला आधी समजले होते. आमचा हा वाद कित्येक वर्षे चालू आहे. एका गोष्टीवर मात्र दोघांचे एकमत आहे, की बुटांना पॉलिश कुणी शिक्षा म्हणून केले तर ते चढत नाही. जुन्या बनियनचे कापड बोटाभोवती घट्ट गुंडाळायचे, पॉलिशचा अगदी थोडा थर घ्यायचा, पाण्याचा एक थेंब टाकायचा आणि टोकावर लहान लहान गोल फिरवत राहायचे. घाईने जाड थर दिला की तो दुसऱ्या दिवशी भेगाळतो. अण्णांच्या घरी त्यांचे शेवटचे बूट अजून आहेत आणि ते आजही दर रविवारी तासभर त्यांच्यापुढे बसतात. सुनेने एकदा विचारले की आता हे कुणाला दाखवायचे आहे, तर त्यांनी मान वर न करता सांगितले की बूट आहेत तोवर ते नीट असायला हवेत.

गेली काही वर्षे आमच्यापैकी चार-पाच जण गावातल्या मुलांना भरतीच्या तयारीसाठी मदत करतो. २०२२ साली अग्निपथ योजना आल्यापासून नेमणूक चार वर्षांची झाली आणि आता मुलीही एअरमनच्या बरोबरीने अग्निवीरवायू म्हणून जातात, त्यामुळे येणाऱ्यांत निम्म्या मुली असतात. चार वर्षांत काय शिकून होणार, अशी चिंता आमच्यातले काही जण व्यक्त करतात. मला त्या चिंतेपेक्षा मुलांनी विचारलेला प्रश्न महत्त्वाचा वाटतो: भरतीच्या शारीरिक चाचणीत १.६ किलोमीटर धावायचे असते, जोर-बैठका असतात, पण परेड नसते, मग ती आत्ता कशाला शिकायची? मी त्यांना सांगतो की धावणे पूर्ण झाल्यावर उरलेली दहाच मिनिटे आपण ती शिकणार आहोत, आणि तिथे गेल्यावर पहिल्या आठवड्यात तुम्हांला या दहा मिनिटांचा आधार होईल. अण्णा खुर्चीत बसून टाळ्यांनी ठेका देतात. ओरडायचे नाही, ही अट मी घातली आहे आणि ती त्यांनी नाराजीने का होईना, पाळली आहे.

कोरड्या दिवसांत आम्ही हे सगळे सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या सपाट कातळावर करतो, कारण तिघांना शेजारी शेजारी चालता येईल एवढी सपाट जागा आमच्याकडे दुसरीकडे नाही. पावसाळ्यात कातळावर शेवाळ धरते आणि पाय घसरतो, म्हणून सध्या शाळेच्या पटांगणावर उतरलो आहोत. ते इतके लहान आहे की वीस पावले झाली की कुंपण येते आणि घूम घ्यावीच लागते. परिणामी या वर्षीच्या मुलांची सरळ चाल अजून कच्ची आहे, पण वळणावरची त्यांची रांग आत्ताच चांगली जमू लागली आहे. बाहेरच्या टोकाला वेंगुर्ल्याकडची जी उंच मुलगी असते, ती आता टांग लांबवताना आतल्या मुलाकडे बघत नाही.